सोसायटीत मुलं खेळायला सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात. पिंपरी-चिंचवडकडची १२० घरांची सोसायटी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मधोमध मोकळी जागा आहे, घसरगुंडी आणि झोपाळे आहेत, पण संध्याकाळी तिथे शुकशुकाट. आठवड्यातले चार दिवस क्लास, उरलेले मोबाइल. आईबाबांचा विचार असा की वर्गणी काढून एक प्रशिक्षक ठेवावा आणि शनिवार-रविवार मुलांच्या ‘अॅक्टिव्हिटी’ सुरू कराव्यात. दुसरी शंका: मुलांना एकटं खाली पाठवायचं वय कोणतं?

प्रशिक्षक ठेवू नका, निदान पहिले तीन महिने तरी नको. प्रशिक्षक वाईट नसतात, पण शिट्टी वाजली की खेळ सुरू आणि शिट्टी वाजली की बंद, याची सवय लागते. तो रजेवर गेला की मैदान पुन्हा रिकामं. तुमच्याकडे शिकवणारा कमी नाही, भिडू कमी आहेत. प्रत्येक घराच्या क्लासच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे एखादं मूल खाली येतं, कुणी दिसत नाही, पाच मिनिटं झोपाळ्यावर बसतं आणि वर जातं. असं दोन-तीनदा झालं की घरचेही पाठवायचं सोडून देतात. म्हणजे मुळात हे वेळापत्रकाचं काम आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आवाहन टाकू नका. चाळीस अंगठे येतील आणि खाली कुणी येणार नाही. सहा ते बारा वर्षांची मुलं असलेली चार-पाच घरं निवडा, दार वाजवून बोला आणि दोन वार पक्के करा, ज्या दिवशी जास्तीत जास्त मुलांना क्लास नसेल असे. पावणेसहा ते सात. त्या वेळेला प्रत्येक घरचं मूल खाली आलंच पाहिजे, पाहुणे आले तरी. सात-आठ मुलं जमली की डबा ऐसपैस, विषामृत, साखळी असले खेळ उभे राहतात. पाचाच्या खाली फक्त पकडापकडी होते आणि पंधरा मिनिटांत मुलं कंटाळतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आरडाओरडा गॅलऱ्यांपर्यंत पोचतो आणि बाकीची मुलं आपणहून उतरतात. त्यासाठी एखादा क्लास सोडावा लागला तर सोडा. नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार क्लास जास्तच आहेत.

सुरुवातीला एक मोठं माणूस खाली लागतं. ते कुठे बसतं यावर बरंच ठरतं. खेळाच्या मधोमध नाही, तर २५-३० पावलांवरच्या बाकावर. हातात भाजी निवडायला घ्या, विणकाम घ्या, पेपर घ्या. मोबाइल नको, कारण मान एकदा खाली गेली की वर येत नाही आणि मुलंही येऊन तोच मागतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं बाकापाशी घुटमळतील. “काकू, कंटाळा आला.” त्यावर “हं” एवढंच म्हणा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात: उठतात, टाळ्या वाजवतात आणि “चला, आपण खो-खो खेळू” म्हणतात. तो मग काकूंचा खेळ होतो. नियम काकूंना विचारले जातात, भांडण काकूंकडे येतं, काकू वर गेल्या की डाव मोडतो. थांबलात तर बहुतेक वेळा वीसेक मिनिटांत कुणीतरी कुणालातरी धपाटा घालून पळतं आणि सुरू होतं.

वयाप्रमाणे गट पाडू नका. शाळेत वर्ग असतात ते पुरे. सहा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलांत खेळतो तेव्हा नियम, वाट पाहणं, हरणं हे सगळं बघून बघून शिकतो. आणि दहा वर्षांचं मूल त्याला सांभाळून घ्यायला शिकतं. आपल्याकडे याची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे: लिंबूटिंबू. लिंबूटिंबू बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो सगळीकडे धावतो. नवीन सोसायट्यांतल्या मुलांना हा शब्दच माहीत नसतो, म्हणून लहानांना सरळ “तू नको” म्हटलं जातं. हा एक नियम मात्र मोठ्यांनी सांगून टाकावा. तसंच चकणं, म्हणजे हात उलटेसुलटे टाकून एकेकाला सोडवणं, आणि ‘टॅम्प्लीज’, म्हणजे खेळात मधेच थांबायची सवलत. राज्य कुणावर हे चकून ठरलं की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत, आणि टॅम्प्लीज म्हणून मुठीवर थुंकी लावायची की नाही ते मुलांचं मुलं ठरवतील.

खेळ शिकवायचेच असतील तर दोन शिकवा आणि बाजूला व्हा. पहिला डबा ऐसपैस, कारण त्याला साहित्य जवळजवळ लागत नाही आणि इमारतीचे कोपरे, खांब, झाडं सगळी कामाला येतात. दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा घेऊ नका. झाकणाकडची कड दोन दिवसांत चेपते आणि पाय कापते. जाड प्लॅस्टिकची बरणी घ्या, आत मूठभर खडे टाका आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. खड्यांचा खुळखुळाट महत्त्वाचा आहे, डबा उडवल्याचं लपलेल्या सगळ्यांना त्यावरूनच कळतं. एक भिडू डबा लांब फेकतो, राज्य असलेला तो आणून गोलात ठेवेपर्यंत बाकीचे लपतात. मग दिसलेल्याचं नाव घेऊन, डब्याला हात लावून “अमुक ऐसपैस”. त्याआधी कुणी येऊन डबा उडवला तर पकडलेले सगळे सुटले. मुलं एकमेकांचे शर्ट घालून फसवतात. नाव चुकलं तर ‘अंडं फुटलं’ आणि पुन्हा राज्य. यात बिघडते ती हद्द. हद्द ठरली नाही तर कुणीतरी पाचव्या मजल्यावर जाऊन बसतं, राज्यवाला रडकुंडीला येतो आणि खेळ संपतो. दोन इमारतींचं तळमजल्याचं अंगण ही हद्द पुरते. लिफ्ट, तळघरातलं पार्किंग आणि गच्ची हद्दीबाहेर, यावर चर्चा नाही.

दुसरा लगोरी, म्हणजे काहींचा लिंगोरचा. सात चकत्या लागतात, खालची पाच इंचांची आणि वरची दोन इंचांची. फुटक्या टाइल्स वापरू नका, कडा सुरीसारख्या असतात. शहाबादीचे तुकडे चालतात, पण कडा खडबडीत जमिनीवर घासून बोथट करून घ्या. नाहीतर वखारीतून लाकडी चकत्या कापून आणा. नेम धरायला आठ-दहा वर्षांच्या मुलांना १२ ते १५ फूट अंतर ठीक, प्रत्येकाला तीन संधी. चेंडू स्पंजचा किंवा जुना टेनिसचा. चेंडू कमरेच्या वर लागला तर बाद धरायचं नाही. चकत्या वाकड्या बसतात आणि लगोरी सारखी ढासळते अशी तक्रार आली तर पहिली चकती मातीत बोटभर रुतवा.

खो-खोचं अधिकृत मैदान २७ बाय १६ मीटरचं, ते तुमच्याकडे असणार नाही. सहा जणांना सहा-सहा फुटांवर बसवून ४५-५० फूट लांबीत तो छान होतो, पण मातीवरच. पेव्हर ब्लॉकवर एकदम वळताना गुडघे आणि तळवे सोलून निघतात. पेव्हरवर खडूने ठिकरीचे घर आखा, त्याला ती जागा उत्तम. विटीदांडू मात्र सोसायटीत नको. वकट, लेंड, मुंड, नाल हे तेलुगू आकड्यांवरून आलेलं मोजणं मुलांना फार आवडतं, पण उडालेली विटी डोळ्यात गेली तर डोळा जातो. त्याला मोकळं माळरान लागतं आणि मागे-पुढे कुणी उभं नसावं लागतं.

आता जागा. संध्याकाळी पावणेसहाला मुलांना घेऊनच अंगणाची एक फेरी मारा. ही फेरी खेळणी मोजायला नाही. मुलाला स्वतःला दिसतो असा धोका आणि दिसत नाही असा धोका वेगळा करायचा. झाडाची उंची मुलाला दिसते, पोटात गोळा येतो, ते आपणहून थांबतं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं गंजलेलं झाकण त्याला दिसत नाही. पहिला प्रकार मुलावर सोडायचा, दुसरा त्याच दिवशी दुरुस्त करायचा.

टाकीची झाकणं आधी बघा: कुलूप आहे का, उभं राहिल्यावर हलतं का. सोसायटीतल्या अंगणात याच्याइतकं जिवावर बेतणारं दुसरं काही नाही. मग विजेच्या पॅनलचं आणि जनरेटरच्या खोलीचं दार. मग रॅम्प: तळघरातून वर येणाऱ्या गाडीला मूल दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही. खेळाच्या वेळेत आतला एक रस्ता साखळी लावून बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. साखळीला लाल कापड बांधा, नाहीतर अंधार पडताना दुचाकीवाला त्यात अडकेल. फुटबॉलचे लोखंडी गोलपोस्ट सुटे असतील तर जमिनीला पक्के करा किंवा खेळ झाल्यावर आडवे ठेवा. मुलं त्यांना लोंबकळतात आणि अख्खा सांगाडा अंगावर येतो.

घसरगुंडी-झोपाळ्यांचं थोडं सविस्तर, कारण इथे पैसा खर्च होतो आणि चुकीच्या ठिकाणी होतो. कठड्यातल्या फटी टेपने मोजा. ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधली बंद फट धोक्याची: अंग आत जातं आणि डोकं अडकतं. त्याहून लहान किंवा मोठी चालते. खाली काँक्रीटवर कृत्रिम हिरवळ अंथरून ‘सुरक्षित’ म्हणतात, तिचा पडण्याच्या बाबतीत काही उपयोग नाही. काँक्रीटवरची पाऊण-एक इंची रबरी टाइलसुद्धा चार फुटांवरून पडणाऱ्या मुलाला पुरत नाही. नऊ इंच सैल वाळू चार फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते. पण ती पावसात दबते, म्हणून आठवड्यातून एकदा फावड्याने उलटीपालटी करायची. आणि झोपाळ्याखाली पाय घासून नेमका तिथेच खड्डा होतो, तो भरायचा. खेळण्याच्या चारी बाजूंनी निदान सहा फूट काही नको: बाक नको, कुंड्या नकोत, विटांची किनार तर नकोच. घसरगुंडीवर दोरी बांधायची नाही आणि गळ्यात ओढणी किंवा डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून चढायचं नाही. दोन्ही अडकतात आणि गळा आवळला जातो.

झाडावर चढू द्या. नियम एवढाच: मोठ्यांनी उचलून फांदीवर बसवायचं नाही. जे मूल स्वतः चढतं ते बहुधा स्वतः उतरतं. शेवगा, जांभूळ आणि गुलमोहर यांच्या फांद्या कडकन मोडतात. पेरू आणि चिंच चिवट. पावसात सालीवर शेवाळ असतं, तेव्हा थांबायचं. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींची जवळीक, झोंबाझोंबी आणि नजरेआड जाणं. आपल्या आजीच्या अंगणात यातले सहाच्या सहा होते. सोसायटीत शेवटचा सगळ्यात आधी गायब होतो, सीसीटीव्हीमुळे. डबा ऐसपैसमध्ये मुलं पाच मिनिटं दिसेनाशी झाली तर उठून शोधायला जाऊ नका, तो खेळच तसा आहे.

नव्या खेळण्यांवर खर्च करण्याआधी एक अडगळीची पेटी करा. कोपनहेगनच्या एम्ड्रप भागात १९४३ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेवरून भंगार-मैदान सुरू झालं. त्याने पाहिलं होतं की मुलं बांधलेल्या बागांपेक्षा अर्धवट बांधकामांवर आणि भंगारात जास्त रमतात. तुमच्या पेटीत काय हवं? सायकलचे जुने टायर सहा-सात, दहा मीटर सुती दोर, जुन्या चादरी-साड्या पाच-सहा, कपड्यांचे मोठे चिमटे, चार-पाच फूट लांबीच्या फळ्या, एक इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि त्यांचे टी-जोड, दोन बादल्या, खुरपं. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं कुणाकडे आलं की ते भंगारवाल्याआधी इथे. फळ्यांचे खिळे उपटून काढा, दुमडून चालत नाहीत. टायरला खालच्या अंगाला चार-पाच भोकं पाडा, १२ मिलिमीटरच्या ड्रिलने; पाणी साचलेला टायर म्हणजे डेंग्यूच्या डासाचं घर. पेटी जिन्याखाली ठेवू नका, आगीत जिना मोकळा लागतो. वॉचमनच्या केबिनजवळ, झाकण असलेली. दोराला एकच नियम: गळ्यात नाही, अंधारात नाही.

पहिल्या दिवशी मुलं यातलं काहीच करणार नाहीत, टायर घरंगळवतील आणि एकमेकांना आपटतील. चौथ्या-पाचव्या वेळेला साडीचा तंबू होतो, तंबूचं दुकान होतं, दुकानाची उधारी सुरू होते. पसारा दिसतो म्हणून सोसायटीत कुरकुर होणार. सात वाजता पेटी भरणं हे मुलांचं काम, तेवढं मात्र कडक ठेवा. त्यावरच ही पेटी टिकते किंवा जाते.

वाळूचा खड्डा हवा असेल तर आठ बाय सहा फुटांचा पुरतो. पावणेदोन फूट खणा, तळाला सहा इंच खडी, तिच्यावर शेडनेटची दुहेरी घडी, आणि वर सव्वा फूट वाळू. त्याला ६० घनफूट लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी जास्त. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घेतली तर आधी धुऊन घ्या; तिच्यातली भुकटी उडते आणि ओली झाली की कपड्यांना सिमेंटसारखी चिकटते. खडी घातली नाही तर पहिल्या पावसात तळं होतं. मांजरांना ही जागा फार आवडते, म्हणून रात्री झाकणं सक्तीचं. पण ताडपत्रीने सतत झाकून ठेवलं तर आत कुबट वास येतो. उन्हाळ्यात शेडनेट आणि पावसाळ्यात ताडपत्री. आणि एक मोठी अट. तुमची बाग पार्किंगच्या छतावर असेल, जशी आता बहुतेक ठिकाणी असते, तर खड्डा विसरा. ६० घनफूट ओली वाळू म्हणजे साधारण तीन टन. छत त्यासाठी बनवलेलं आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, सेक्रेटरी नाही. तोवर दोन मोठी घमेली वाळू भरून ठेवली तरी लहानांचं काम भागतं.

भांडणं होणार. रोज होणार. खेळाचा अर्धा वेळ नियम ठरवण्यात जातो आणि तो वाया जात नाही. “रडीचा डाव”, “तू आउट होतास”, “मी नाही खेळत जा” हे सगळं बाकावरून ऐकू आलं तर मनात शंभर मोजा. बहुतेक वेळा साठ-सत्तरपर्यंत पुन्हा धावपळ सुरू होते. उठावंच लागलं तर “कुणी सुरू केलं?” हा प्रश्न विचारू नका, त्याला कधीच उत्तर मिळत नाही, फक्त वकील तयार होतात. “पुढे खेळायचंय ना? मग काय ठरवताय?” एवढं विचारून परत येऊन बसा. ताबडतोब जायचं ते चार कारणांनी: डोक्याला मार किंवा रक्त, हातात दगड किंवा काठी, पाच जण एकावर आणि तोच एक रोज, कपडे काढायला लावणं, नको तिथे हात लावणं किंवा कुणी मोठं मूल वा माणूस एखाद्याला बाजूला घेऊन जाणं. शेवटच्यात समजूत घालत बसायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा की खेळताना कुणाच्याही घरात, लिफ्टमध्ये, तळघरात जायचं तर बाकावरच्याला सांगून. आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ असू द्या.

“मला खेळायला घेत नाहीत” ही तक्रार वेगळी. जे मूल घेतलं जात नाही त्याला बहुधा खेळात शिरायचं कसं ते माहीत नसतं. ते बाजूला उभं राहून “मला घेता का?” विचारतं, आणि त्याला “नाही” म्हणणं फार सोपं असतं. मग ते चेंडू पळवतं आणि पुढच्या वेळचंही दार बंद होतं. घरी शिकवा: आधी दोन मिनिटं बघ कुठला खेळ चाललाय, लांब गेलेला चेंडू आणून दे, आणि मग म्हण, “राज्य मी घेतो.” राज्य घेणाऱ्याला मुलं सहसा नाही म्हणत नाहीत. त्याच्या आईने खाली येऊन “याला पण घ्या रे” म्हटलं तर तेवढ्या दिवसापुरतं घेतात.

क्रिकेटकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा. बारा-चौदा वर्षांचे सहा मुलगे बॅट घेऊन आले की सगळं अंगण त्यांचं होतं, लहान मुलं कडेला सरकतात, आणि आठवड्याभरात मुली यायच्या बंद होतात. कुणी काही बोलत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. बंदी घालू नका, त्याने ती मुलं गेटबाहेर रस्त्यावर खेळतात. फक्कीने रेघ मारा: साडेसहापर्यंत निम्मं अंगण क्रिकेटला, निम्मं बाकीच्यांना. अंडरआर्म, एक टप्पा आउट, भिंतीला थेट लागला की आउट, सीझन बॉल अजिबात नाही. गॅलरीत गेलेला चेंडू मारणाऱ्यानेच बेल वाजवून, नमस्कार करून मागायचा. काच फुटली तर पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे, हे आधी ठरलेलं असेल तर पळापळ होत नाही.

मारहाणीपेक्षा खरचटण्यासाठी तयार राहा. प्रथमोपचाराच्या पेटीत स्वच्छ पाण्याची बाटली, गॉझ, चार इंची क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे आणि ओआरएसची पाकिटं. जखम वाहत्या पाण्याने धुवायची. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही नको. धनुर्वाताचे डोस पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा झालेत ना, हे आत्ताच कार्डावर बघून ठेवा. डोक्यावर आपटलं तर पुढचे २४ तास लक्ष: पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, वाढती डोकेदुखी यातलं काहीही दिसलं, किंवा क्षणभरही शुद्ध गेली, तर सरळ दवाखाना. कायमचा दात मुळासकट पडला तर मूळ न घासता वरचा पांढरा भाग धरून उचला, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला तरी साबण आणि नळाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस. जखमेवर चुना किंवा तिखट लावणारे अजून आहेत, त्यांना लांब ठेवा. ढगांचा गडगडाट ऐकू आला की झाडाखालून उठून इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. बाकी पावसात भिजायला काही हरकत नाही. फक्त पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात नको, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो.

सोसायटीच्या कमिटीशी बोलताना वार्षिक सभेत पहिल्यांदा विषय काढू नका. तिथे गाडीवरचा ओरखडा, आजोबांच्या चालण्याची वाट आणि दुपारची झोप हे सगळं एकदम अंगावर येतं. आधी सहा आठवडे खेळू द्या, मग बोला. मागताना बंदीची नाही, वेळेची भाषा ठेवा: दुपारी दोन ते चार शांतता, पावणेसहा ते सात अंगण मुलांचं, सातनंतर चालणाऱ्यांचं. ‘चेंडू खेळण्यास मनाई’चा फलक उतरवून वेळांचा फलक लावा. त्या मोकळ्या जागेत गाड्या लागत असतील तर मंजूर नकाशा मागा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, जी मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू आहे, ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पार्किंग कमी पडतं म्हणून ती गिळता येत नाही. त्याआधीच्या इमारतींना जुने नियम, पण नकाशावरची मोकळी जागा तिथेही मोकळीच.

आता वयाचा प्रश्न. एक आकडा नाही, पण पायऱ्या आहेत. खाली एकटं पाठवण्याआधी मुलाला हे जमायला हवं: एक मोबाइल नंबर पाठ, विंग आणि घर नंबर सांगता येणं, लिफ्ट अडकली तर दार न ओढता बेल दाबून खाली बसणं, कुत्रा आला तर न पळता स्थिर उभं राहणं, आणि सांगितलेल्या वेळेला स्वतःहून परत येणं. शेवटचं सगळ्यात अवघड. त्यासाठी फोन देऊ नका. हाताला साधं घड्याळ बांधा किंवा खूण ठरवा, अंगणातले दिवे लागले की वर. पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणून हिवाळ्यात खेळाची वेळच अर्धा तास अलीकडे आणा.

कोपऱ्यावरच्या दुकानाला पाठवायचं असेल तर चार फेऱ्या लागतात. पहिली बरोबर, तुम्ही बोलत जाता: इथे रिक्षा वळते, इथून बघ. दुसरी मूल पुढे, तुम्ही वीस पावलं मागे, गप्प. तिसऱ्या फेरीत मूलच तुम्हाला नेतं आणि सांगतं. चौथी एकटं, कोथिंबिरीची जुडी आणायला, सुट्टे पैसे देऊन. मधे चूक झाली तर एक पायरी मागे, बंदी नाही. मोठा रस्ता ओलांडणं दहाच्या आत नको. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही, मूल हुशार असलं तरी. त्यामुळे ते समजावून सुधारत नाही. नऊ वर्षांची तुमची मुलगी आत्ता खाली एकटी खेळू शकते आणि याच गल्लीतल्या, रस्ता न ओलांडता लागणाऱ्या दुकानात दोन महिन्यांत जाऊ शकेल.

सहा वर्षांचा मुलगा अंगणात खेळेल, पण बाकावर कुणीतरी असेल तेव्हाच. इथे एक गोष्ट घरोघरी होते, ती टाळा: ताईला त्याची आया करणं. “जाताय तर याला पण ने, आणि लक्ष ठेव” म्हटलं की नऊ वर्षांच्या मुलीचा खेळ तिथेच संपतो. ती डब्याकडे बघत नाही, भावाकडे बघते, लपायला जात नाही, आणि काही दिवसांनी “मला नाही जायचं खाली” म्हणते. त्याला आणणं-नेणं ताई करेल, तेवढं ठीक. लक्ष ठेवणं त्या दिवशी ज्यांची पाळी आहे त्या काका-काकूंचं. पाळीचा कागद लिफ्टशेजारी लावा, आठवड्याला दोन नावं, आणि त्यात निम्मी नावं बाबांची असू द्या. पाळीच्या दिवशी कुणी आलं नाही, तर त्या दिवसापुरतं सहा वर्षांचं मूल वर येईल, नऊ वर्षांची मुलगी खेळत राहील.